गहाणखत : वऱ्हाड, आफ्रिका आणि साम्राज्याची रीत

एम. ए.च्या वर्गात उत्तर-वसाहतवादी समीक्षा शिकवताना आपण बहुतेक जण एकाच वाटेने जातो. जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, त्या कादंबरिकेवरचा चिनुआ अचेबे यांचा जळजळीत आक्षेप, मग त्यांचीच ‘थिंग्ज फॉल अपार्ट’, आणि शेवटी एडवर्ड सैद. विद्यार्थी टिपणे काढतात आणि परीक्षेत ती उतरवतात. काही वर्षांपूर्वी कारंजा तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र टिपण बाजूला ठेवून विचारले, ‘‘सर, आफ्रिका गोऱ्यांनी कशी घेतली ते कळलं. पण आपलं वऱ्हाड कसं घेतलं? इथं तर इंग्रजांची निजामाशी लढाई झालेली वाचनात नाही.’’

त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. प्रस्तुत लेख हा त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्याचा प्रयत्न आहे. आफ्रिकेतील युरोपीय साम्राज्यवादाचे हेतू आणि त्याच्या पद्धती समजून घ्यायच्या, तर वाशिमच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. बर्लिन येथे १८८४-८५ मध्ये चौदा सत्तांचे प्रतिनिधी एकाही आफ्रिकी प्रतिनिधीवाचून आफ्रिकेचा विचार करायला बसले. त्याच्या तीस वर्षे आधी त्यातल्या बऱ्याचशा युक्त्या वऱ्हाडात वापरून झाल्या होत्या. त्या सगळ्यांच्या मुळाशी आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला एक व्यवहार होता : गहाण.

लढाई वऱ्हाडात झाली होती, पण ती निजामाशी नव्हे. १८०३ मध्ये आडगावला आणि नंतर गाविलगडावर आर्थर वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि कंपनीने तो आपला मित्र निजाम याला दिला. इंग्रजांनी तेव्हा तो स्वतःकडे ठेवला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जमीन मित्राच्या नावावर आणि मित्र आपल्या मुठीत, अशी ती व्यवस्था होती.

ती मूठ म्हणजे फौज. १८०० च्या तहाप्रमाणे युद्धप्रसंगी निजामाने कंपनीला सैन्याची मदत करावयाची होती. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक स्वतंत्र फौज निजामाच्या खर्चाने कायम पोसावी, असे त्या तहात नव्हते. परंतु रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात अशी फौज उभी राहिली आणि वाढत वाढत ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने स्थिर झाली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. तिचा पगार भागवण्यासाठी निजामाच्या दरबाराने कर्ज काढले. १८२० च्या आसपास हे कर्ज देणारी पेढी होती विल्यम पामर आणि कंपनी, आणि तिचे व्याज इतके भारी होते की पुढचा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यालाच तिच्याविरुद्ध उभे राहावे लागले. पेढी बुडाली, पण फौज राहिली आणि देणेही वाढत राहिले.

येथे निजामाच्या कारभाराची भलामण करण्याचे कारण नाही. वसुलाचा इजारा देणे, सावकारांकडे महाल तारण ठेवणे हे त्या दरबाराचे नित्याचे होते. विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी बंधूंच्या पेढीकडे वऱ्हाडच्या वसुलाचा मोठा भाग अनेक वर्षे होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे वळवण्यात या पेढीचा पुढाकार होता. त्याआधी तो बैलांच्या पाठीवरून शेकडो कोसांवरच्या मिर्झापूरला आणि तिथून नदीमार्गे कलकत्त्याला जात असे. म्हणजे वऱ्हाड गहाण पडण्याची सवय इंग्रजांनी लावली नाही. त्यांनी इतकेच केले की आधीचे सावकार बाजूला झाल्यावर ते स्वतः त्या गादीवर बसले.

१८५३ साल या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. २० एप्रिल रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने भारतातील रेल्वेविषयी आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले. इंग्लंडला कापूस हवा आहे आणि तो देशाच्या अंतर्भागातून बंदरापर्यंत पोहोचवण्याची सोय हवी, हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे. २१ मे रोजी रेसिडेंट कर्नल जॉन लो याने नासिर-उद्-दौला या निजामाची तहावर सही मिळवली. कंटिंजंटचा खर्च आणि थकलेले देणे यांपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे सुमारे ५० लाख रुपये वसुलाचे प्रदेश कंपनीच्या कारभाराखाली गेले. या तीन घटना पाच आठवड्यांच्या आत घडल्या. त्यामागे एकच आखीव कट होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण रूळ, कापूस आणि कर्ज हे तिन्ही धागे एकाच माणसाच्या टेबलावर होते, एवढे नक्की. शंका उरलीच तर १८५६ मध्ये पायउतार होताना डलहौसीने आपल्या कारकिर्दीचा जो आढावा लिहिला तो पाहावा. हैदराबादकडून मिळालेल्या जिल्ह्यांत भारतातील सर्वोत्तम कापसाची जमीन आहे आणि इंग्लंडच्या एका मोठ्या उद्योगाची उणीव त्यातून भरून निघेल, याचे समाधान त्याने त्यात नोंदवले आहे. तहाच्या कागदात फौजेचा पगार आहे. मनातला हिशेब मँचेस्टरच्या गिरण्यांचा होता.

साहित्याच्या अभ्यासकाने त्या कागदाची भाषा पाहायला हवी. वऱ्हाड ‘जिंकले’ नाही, ‘खालसा’ केले नाही, ते ‘नेमून दिले’ गेले. सरकारी दप्तरात या प्रदेशाचे नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे पडले. मालक निजामच, इंग्रज केवळ विश्वस्त. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची. आता गहाणाचा साधा नियम असा की कर्ज फिटले की जमीन सुटते. वऱ्हाडचे काय झाले? १८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले ते कंटिंजंटच्या खर्चासाठी, विश्वस्त म्हणून. त्याच तहात आणखी एक कलम होते. १८५३ च्या तहाप्रमाणे या जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाला दरवर्षी मिळायचा होता. तो मागण्याचा हक्क निजामाने आता सोडून दिला. शिल्लक उरली तर मिळेल, पण ती किती हे सावकाराच्या वहीवरून ठरेल आणि ती वही ऋणकोला दिसणार नाही.

दिवाण सालारजंग यांनी पुढची पंधरा-सोळा वर्षे वऱ्हाड सोडवण्यासाठी खटपट केली. फौजेचा खर्च हेच कारण असेल तर आम्ही रोख ठेव ठेवतो, तिच्या उत्पन्नातून फौज पोसा आणि प्रांत परत द्या, असा प्रस्ताव १८७२ मध्ये हैदराबादने मांडला. तो फेटाळला गेला. १८७६ मध्ये सालारजंग स्वतः इंग्लंडला जाऊन आले, तरी उपयोग झाला नाही. मला वाटते, साम्राज्याच्या हेतूची परीक्षा घ्यायची तर ती नेमकी इथे घ्यावी. ऋणको पैसे घेऊन दाराशी उभा आहे आणि सावकार पैसे घेत नाही, तेव्हा त्याला पैसे नको असतात, शेत हवे असते, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाला कळते.

येथून आफ्रिकेकडे जाणारी वाट सरळ आहे, कारण त्या वाटेवरून माणसेच गेली. सालारजंगांचा प्रस्ताव आला तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड नॉर्थब्रुक, आणि त्यांचे खाजगी सचिव होते त्यांचेच नातलग एव्हलिन बेअरिंग. पुढे हेच बेअरिंग लॉर्ड क्रोमर या नावाने १८८३ ते १९०७ अशी चोवीस वर्षे इजिप्तचे खरे सत्ताधीश होते. इजिप्तची कथा वाचताना वऱ्हाडच्या वाचकाला ओळखीचे वाटत राहते. अमेरिकन यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबला आणि इजिप्तच्या कापसाचा भाव गगनाला भिडला. खेदिव इस्माइलने त्या भरवशावर युरोपकडून अफाट कर्ज काढले. भाव उतरला, पण कर्ज तसेच राहिले. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे त्याचे भाग ब्रिटनने विकत घेतले. १८७६ मध्ये कर्जवसुलीसाठी युरोपीय आयोग बसला, त्याच्या सदस्यांत बेअरिंग होते. १८७९ मध्ये खेदिवला दूर केले गेले. अराबी पाशाच्या नेतृत्वाखाली लोक उठले तेव्हा १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्याने इजिप्त व्यापला, त्या मोहिमेत भारतातून नेलेल्या पलटणीही होत्या. खेदिव गादीवरच राहिला. बेअरिंग यांचा हुद्दा फक्त कॉन्सल जनरलचा होता. मालक एक आणि वहिवाट दुसऱ्याची, ही रीत तीच.

‘रेसिडेंट’ या शब्दाचा प्रवासही असाच बोलका आहे. उत्तर नायजेरियात १९०० नंतर फ्रेडरिक लुगार्डने सोकोतो आणि इतर अमिराती जिंकल्या, पण सुलतान आणि अमीर यांच्या गाद्या कायम ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी जे ब्रिटिश अधिकारी नेमले त्यांना रेसिडेंट म्हणत. लुगार्ड यांचा जन्म मद्रासचा (१८५८), सैन्यातली सुरुवातीची नोकरी हिंदुस्थानातली. पुढे ‘अप्रत्यक्ष राज्यव्यवस्था’ म्हणून आफ्रिकेच्या इतिहासात जिचा गौरव झाला, तिची तालीम हैदराबाद, नागपूर, लखनौ यांसारख्या दरबारांत झाली होती. मॅटाबेलेलँडचा राजा लोबेंगुला याच्याकडून १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी खाणींचा करार मिळवला तो दरमहा १०० पौंड, एक हजार बंदुका आणि झांबेझी नदीवर एक बोट यांच्या बदल्यात. तोंडी सांगितलेले आणि कागदावर उतरलेले यांतला फरक राजाला उशिरा कळला. काँगोत हेन्री स्टॅन्लीने बेल्जियमच्या राजासाठी गावप्रमुखांकडून करारांवर खुणा करून घेतल्या त्या अशाच, त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत. तोफा होत्याच. पण तोफेआधी आणि तोफेनंतर कागद होता, आणि टिकला तो कागद.

आता हेतूंकडून पद्धतीकडे येऊ. जमीन ताब्यात आल्यावर तिच्यातून हवे ते पीक कसे काढायचे? वऱ्हाडात ‘कापूस पेरा’ असा हुकूम कुणी काढला नाही, त्याची गरज नव्हती. १८६१ पासून मुंबई पद्धतीची पाहणी सुरू झाली, शेताला नंबर पडले, तीस वर्षांसाठी रोख सारा ठरला. सारा रोख द्यायचा तर विकले जाणारे पीक हवे. पेरणीला पैसा हवा तर सावकार हवा, आणि सावकाराला तारण म्हणून कापूस सर्वांत सोयीचा. त्यात अमेरिकन यादवीने भावाची भर घातली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापसासाठी रिव्हेट-कार्नक हा खास आयुक्त नेमला गेला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका बाजारपेठेच्या आठ मैलांच्या रुळासाठी देशाचा राज्यकर्ता येतो, यातच त्या रुळाचे मोल कळते.

या रुळाखाली कोण आले, तेही सांगायला हवे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस लादून देशभर फिरणाऱ्या तांड्यांचा व्यवसाय आगगाडीने एका पिढीत मोडला. त्यांपैकी अनेक जण वऱ्हाडच्या डोंगराळ भागात स्थिरावले, मजूर झाले. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी त्यांच्यातल्या काही गटांवर शिक्काही मारला. ज्वारीच्या शेतात कापूस आला आणि धान्य बाहेरून येऊ लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत त्याचा अर्थ लोकांना कळला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने म्हणतो. त्या दुष्काळांत कुऱ्हाड होती, सोने लोकांच्या हाती नव्हते.

आफ्रिकेत हीच साखळी अधिक उघड आणि अधिक क्रूर झाली. झोपडीपट्टी, म्हणजे प्रत्येक झोपडीमागे रोख कर, हे तिथले मुख्य हत्यार. सिएरा लिओनमध्ये १८९८ मध्ये त्याविरुद्ध उठाव झाला. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली ती मुख्यतः हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांवर मजुरांच्या हातांनी. त्यानंतर लगेच युगांडात कापूस आला. जर्मन पूर्व आफ्रिकेत कापूस सक्तीने पेरायला लावला, तेव्हा १९०५ मध्ये ‘माजी माजी’चा उठाव पेटला आणि त्याच्या दडपणुकीत व त्यापाठच्या उपासमारीत लाखभराहून अधिक माणसे मेली.

१९०२ या एका वर्षात काय काय घडले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे. आफ्रिकेत कापूस पिकवण्यासाठी ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी स्थापन केली. साम्राज्यामागे भांडवलाची गुंतवणूक आहे, हे सांगणारा जे. ए. हॉब्सन यांचा ‘इम्पिरिअॅलिझम’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. ५ नोव्हेंबर रोजी निजाम महबूब अली खान आणि ब्रिटिश सरकार यांच्यात करार झाला : वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे, बदल्यात वर्षाला २५ लाख रुपये खंड. त्याच महिन्यात ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ प्रथमच पुस्तकरूपात आली. ज्या कंटिंजंटसाठी हे सारे घडले, ती फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. म्हणजे कर्ज १८६० मध्ये संपले, हिशेबही तेव्हाच संपला, फौजही आता संपली, आणि गहाण तेवढे कायम झाले. निजामाला जी. सी. बी. हा किताब होता. त्या आद्याक्षरांचा अर्थ हैदराबादेत लोक ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लावत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ मध्ये बासिम जिल्हाच मोडून त्याचे तुकडे अकोला आणि यवतमाळ यांत वाटले गेले. तो पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.

या तुलनेला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. वऱ्हाडात काँगो घडले नाही. रबर कमी आणले म्हणून हात तोडलेले इथे कुणी पाहिले नाहीत. पद्धतीतले साम्य म्हणजे यातनांतले साम्य नव्हे, आणि दुसऱ्याच्या दुःखात आपला वाटा मागणे हीही एक प्रकारची बळकावणीच. शिवाय या व्यवहारात आपलेही हात होते. सावकार, अडते, देशमुख, पाटील यांच्यापैकी अनेकांनी कापसाच्या पैशावर वाडे बांधले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. ज्या युद्धाने ती माणसे सुटली, त्याच युद्धाने वऱ्हाडचा कुणबी मँचेस्टरच्या भावाशी बांधला गेला. दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना फुल्यांना गोरा अधिकारी आणि देशी कारकून-सावकार हे दोघेही दिसत होते. आपल्या समीक्षेत पुष्कळदा त्यांतला एकच दिसतो.

मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला ही छोटी गाडी या परिसरातल्या पुष्कळांनी पाहिली आहे. कापूस मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ती टाकली गेली. १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हा मार्ग किलिक-निक्सन या मूळच्या ब्रिटिश पेढीशी असलेल्या जुन्या कराराखालीच चालू राहिला. गाडी काही वर्षांपूर्वी बंद पडली. आता जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा कापसाहून पुढे गेला आहे. पीक बदलले, तरी भाव बाहेर ठरतो आणि पेरणीचा पैसा कर्जाने येतो. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. आजच्या प्रत्येक दुःखाचे खापर डलहौसीवर फोडणे हा आळस ठरेल. पण गहाणाची ही रीत या मातीत किती जुनी आहे, तिला राज्यकर्त्यांनी कसे वापरले आणि येथून ती कुठवर नेली, हे ठाऊक नसताना वर्गात ‘वसाहतवाद’ हा शब्द उच्चारणे, हाही आळसच.

म्हणून त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर असे आहे : वऱ्हाड घेतले ते उसनवारीच्या कागदावर, आणि आफ्रिकेचा बराच मोठा भागही तसाच घेतला गेला. फरक एवढाच की तिथे कागदामागचे रक्त आपण कादंबऱ्यांतून वाचतो आणि इथला कागद आपण अजून वाचलेलाच नाही. १८५३, १८६० आणि १९०२ हे तीन दस्तऐवज फार मोठे नाहीत. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’च्या शेजारी ते वर्गात ठेवता येतील. यंदा मी ठेवणार आहे.